पंधरावा नियम

रुग्णालयाच्या फाटकाबाहेर जिना होता आणि त्या जिन्याखाली टेबल टाकून डेकोरमकाका बसायचे. हे नाव त्यांना कोणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण का ठेवलं ते दहा मिनिटं तिथे उभं राहिलं की कळायचं. कोणी टेबलावर कोपर टेकलं, कोणी पायरीवर पचकन थुंकलं, कोणी रांग मोडून पुढे घुसलं, की काका चष्म्यावरून बघून म्हणायचे, “डेकोरम!” कोंबडीला हुसकावतात तशा आवाजात. समोरच्याला शब्दाचा अर्थ कळत नसे, पण कोपर मात्र उचललं जाई. काकांना एवढ्यावर समाधान होतं. आपल्या तोंडून निघालेल्या एका शब्दाने माणूस नीट उभा राहतो, हे सुख फार थोड्यांच्या वाट्याला येतं, असं ते म्हणत.

एकतीस वर्षं त्यांनी त्याच रुग्णालयाच्या ऑफिसात टाईपिस्ट म्हणून नोकरी केली होती. निवृत्त झाल्यावर लोक काय, आराम करतात. काका चौथ्या दिवशी स्वतःचा टाईपरायटर तान्ह्या मुलासारखा जपत घेऊन आले आणि जिन्याखाली बसले. पुढे कॉम्प्युटर आला, प्रिंटर आला, तरी काकांची गिऱ्हाइकं तुटली नाहीत. कारण रुग्णालयातल्या कोणाला मेमो मिळाला की त्याला इंग्रजीत खुलासा द्यावा लागे, आणि खुलासा लिहावा तर काकांनीच, अशी ख्याती होती. त्यांच्या टेबलाच्या खणात आतल्या बाजूला शोभण्या-न शोभण्याच्या इंग्रजी शब्दांची एक जुनी यादी चिकटवलेली होती. डेकोरम, प्रोप्रायटी, सीम्ली, अनबिकमिंग, इम्पर्टिनन्स. कागद पिवळा पडला होता, पण काका तो बघत नसत. सगळं तोंडपाठ होतं. ‘सीम्ली’ म्हणताना तर ते डोळे किंचित मिटत, जिभेवर साखर ठेवल्यासारखे.

मेमोवाला आला की काका त्याचं नाव, हुद्दा आणि मेमोचा नंबर विचारत. बाकी काही विचारत नसत. मग कागद चढवत आणि तुफान सुटत. माझं वर्तन माझ्या पदास अशोभनीय होतं, हे मी अत्यंत नम्रतेने मान्य करतो. सभ्यतेच्या मर्यादा ओलांडल्याबद्दल मला मनापासून खेद आहे. आपण उदार अंतःकरणाने क्षमा करावी. हे सगळं इंग्रजीत, अशा वळणाने की वाचणाऱ्याने खुर्चीत सरसावून बसावं. मेमोवाला सही करी आणि कागद दोन्ही हातांनी धरून आत जाई. पुन्हा येत नसे. ज्याचं काम होत नाही तो भांडायला येतो, हा काकांचा हिशोब. निवृत्तीनंतरच्या अकरा वर्षांत एकही भांडायला आला नव्हता.

एक बाई तेवढी खटकायची. पूर्वी रुग्णालयाच्या धुलाईत होती, आता समोरच्या कापड दुकानात झाडलोट करायची. तिचाही खुलासा काकांनीच लिहिला होता. पण रोज सकाळी दुकानापुढे पाणी मारताना ती काकांकडे ढुंकूनही बघत नसे. “माणसं उपकार विसरतात,” काका घरी बहिणीला सांगत. बहीण त्यांच्याहून चार वर्षांनी लहान आणि जिभेने चौपट तिखट. वहिनी गेल्यावर भावाचं घर सांभाळायला आली ती कायमची. ती म्हणे, “तू कधी कोणाच्या लक्षात राहण्यासारखा वागलायस का दादा?”

आता पंधराव्या नियमाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

काकांच्या नोकरीची शेवटची दोन वर्षं राहिली होती तेव्हा संस्थेने कर्मचाऱ्यांसाठी नवी नियमावली करायची ठरवली. कमिटीने चौदा नियम काढले. अगदी रोखठोक. उशिरा येऊ नये, दारू पिऊन येऊ नये, रुग्णावर हात उगारू नये, औषधं घरी नेऊ नयेत. काकांनी ते टाईप केले तर शेवटच्या पानावर दोनच नियम आले आणि खाली जवळजवळ अख्खं पान कोरं राहिलं. तेव्हाचे हेडक्लार्क ते धरून उजेडात बघत म्हणाले, “हे उघडंबोडकं दिसतंय. आणखी एखादा घाला. सगळं झाकणारा.” काकांनी दुपारचा डबासुद्धा उघडला नाही. आपल्या यादीतला एकेक शब्द घेऊन त्यांनी पंधरावा नियम रचला: संस्थेच्या मते जे वर्तन असभ्य, अशोभनीय अथवा पदास न साजेसं असेल, असं अन्य कोणतंही वर्तन. मूळ इंग्रजीत तर ते वाक्य साडेपाच ओळींचं होतं, आणि मध्ये कुठेही श्वास अडकत नव्हता.

कमिटीत सात जण होते. सातही जणांनी तो नियम वाचला, मान डोलावली आणि सही केली. याचा नेमका अर्थ काय, असं एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर आपल्याला इंग्रजी येत नाही हे उघडं पडलं असतं. काकांना तर वाटलं, मान डोलावतायत म्हणजे आवडलंय. नियमावली छापून आली तेव्हा त्यांनी एक प्रत घरी आणून मुलीला शेवटचं पान दाखवलं होतं. ती तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. “हे माझं,” ते म्हणाले होते. ती हसून म्हणाली होती, “मग मला यात पकडू नका म्हणजे झालं.”

ती मुलगी आता चौतीस वर्षांची, बायकांच्या वॉर्डात सिस्टर. आणि एका मंगळवारी दुपारी ती ड्युटी संपवून सरळ जिन्याखाली आली, टेबलावर कोपरं टेकून उभी राहिली आणि एक कागद काकांपुढे ठेवला. काका ‘डेकोरम’ म्हणायला निघाले होते, पण त्यांचं लक्ष कागदाच्या मथळ्याकडे गेलं. मेमो होता. नियम पंधरा.

“काय केलंस?” त्यांनी विचारलं. अकरा वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच कोणाला विचारला.

“मोठे डॉक्टर राउंडला आले होते. मागे सात-आठ विद्यार्थी. सहा नंबरच्या आजींचं ऑपरेशन झालंय पोटाचं. डॉक्टरांनी चादर ओढली, समजावायला लागले, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. चादर हातात धरून बोलत राहिले, बाबा. भेटीची वेळ होती. शेजारच्या पलंगाचे पाहुणे आले होते, पुरुष माणसं. आजी दोन हातांनी कुठे कुठे झाकणार? मी दोनदा म्हटलं, सर, चादर. ऐकलं नाही. मग मी त्यांच्या हातातून ओढून घेतली, आजींना घातली आणि पडदा लावला. म्हटलं, फोन झाला की या.”

“मोठ्या डॉक्टरांना? फोन झाला की या?”

“हो.”

काकांचे हात आपोआप कॉम्प्युटरकडे गेले, कारण मेमो समोर असला की त्या हातांना दुसरं काही येतच नसे. पाऊण तासात खुलासा तयार झाला. आयुष्यातला सगळ्यात सुंदर. एकेक वाक्य इस्त्री केल्यासारखं. मुलीने पायरीवर बसून तो दोनदा वाचला.

“बाबा, या ओळीचा अर्थ सांगा. मराठीत.”

“म्हणजे... असं आहे की, मी जे वागले ते मला शोभणारं नव्हतं.”

“पण शोभणारंच होतं.”

“अगं, तसं लिहायचं असतं. ती एक पद्धत असते.”

“कोणाची?”

काकांनी चष्मा काढून पुसला. मुलीने कागद परत टेबलावर ठेवला. रागाने नाही, अगदी अलगद. “मी नाही सही करणार,” ती म्हणाली. “त्या आजी दुपारी माझा हात धरून झोपल्या. आता मी लिहून देऊ, चुकले म्हणून?”

चौकशी शुक्रवारी होती. बुधवारी सकाळी काका आत ऑफिसात गेले. आताचा हेडक्लार्क एके काळी त्यांच्याच हाताखाली टाईप शिकला होता, अजून त्यांना बघितलं की अर्धवट उठायचा. त्या दिवशीही उठला. “काका, माफीनामा आणलात? द्या, लगेच लावून टाकतो. माफीनामा आला की आमचं काम सोपं होतं.”

“सोपं म्हणजे?”

“म्हणजे कबुली आली. चौकशी नको, साक्षी नकोत. सरळ ऑर्डर.”

“म्हणजे माफ केल्याची ऑर्डर.”

हेडक्लार्कला बहुधा त्यांची कीव आली. त्याने कपाट उघडून एक फाईल काढली आणि काकांपुढे सरकवली. पंधराव्या नियमाची फाईल. नऊ प्रकरणं. नऊच्या नऊ खुलासे काकांच्या हातचे, तीच समास सोडण्याची पद्धत, तीच साडेपाच ओळींची वाक्यं. आणि प्रत्येक खुलाशाखाली टाचलेली बडतर्फीची ऑर्डर: कर्मचाऱ्याने अशोभनीय वर्तन स्वतः मान्य केले असल्याने. नऊ माणसं. ज्यांना लिहितावाचता येत नव्हतं त्यांचे अंगठे होते, निळे, नीट दाबून लावलेले.

“तुम्हाला ठाऊक नव्हतं?” हेडक्लार्कने हळूच विचारलं. “आम्हाला वाटायचं, संस्थेनेच तुम्हाला बाहेर बसवलंय.”

काकांनी फाईल मिटली. लोक भांडायला आले नाहीत, कारण त्यांना वाटलं की काकांनी शिकस्त केली आणि तरी नशीब फुटकं निघालं. नाही तर त्यांना वाटलं, की काका संस्थेचेच. यातलं कुठलं जास्त वाईट हे त्यांना ठरवता येईना.

“आणि बडतर्फ करायचं नसलं तर?” त्यांनी विचारलं.

“नोकरीच्या दाखल्यावर शेरा जातोच, काका. नियम पंधरा. तो बघितला की दुसरं कुठलंही हॉस्पिटल सिस्टर म्हणून उभं करत नाही. लोकांना वाटतं, काहीतरी भलतंच असणार. चोरी केली असं लिहिलं तर निदान चोरी एवढंच कळतं.”

बाहेर आल्यावर काका टेबलाशी गेले नाहीत. रस्ता ओलांडून कापड दुकानाशी गेले. ती बाई कपड्यांचे रिकामे खोके चपटे करून एकावर एक रचत होती. काका समोर उभे राहिले. तिने खोके रचणं थांबवलं नाही.

“तुमचा खुलासा मी लिहिला होता,” काका म्हणाले.

“हो की.”

“तुम्ही काय केलं होतंत?”

आता मात्र ती थांबली. “आता विचारताय होय, काका?” ती म्हणाली. आवाजात राग असता तर बरं झालं असतं. “माझा भाऊ वरच्या मजल्यावर ॲडमिट होता, तो गेला. मला खाली धुलाईत निरोप आला. मी जिन्यात बसून रडले. मोठ्याने रडले असेन, आता आठवत नाही. त्या दिवशी कोणी पाहुणे आले होते रुग्णालय बघायला. ते जिन्यातून येत होते.”

“एवढंच?”

“एवढंच. तुम्ही लिहिलंत काय त्यात? मला आजवर कळलेलं नाही. मी नुसती सही केली.”

काकांनी तिला सांगितलं. दुसरं काय करणार? रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी स्वतःची इंग्रजी ओळ मराठीत आणली: मी जे वागले ते मला शोभणारं नव्हतं, ते सभ्य माणसासारखं नव्हतं, मला त्याचा खेद आहे. बाईने ते नीट ऐकून घेतलं. “भाऊ गेल्यावर रडल्याचा?” तिने विचारलं. मग खोक्यांचा गठ्ठा उचलून ती आत निघून गेली. काका किती तरी वेळ तिथेच उभे होते. रिक्षावाले हॉर्न देत होते, पण त्यांना ऐकू येत नव्हतं. आपण मरून जावं, असं त्यांना त्या रस्त्यात खरोखर वाटलं.

शुक्रवारपर्यंत त्यांनी काही खाल्लं असेल तर बहिणीने बळेच घशाखाली उतरवलं तेवढंच. पण शुक्रवारी सकाळी ते ताठ बसले. त्यांना एक वाट दिसली होती. नियम कसा झाला हे चौकशी कमिटीला सांगून टाकायचं. पान कोरं होतं म्हणून झाला. त्याचा अर्थ सही करणाऱ्यांनाही माहीत नव्हता. जो नियम जागा भरायला घातला त्याच्यावर माणसाची भाकर कशी काय तोडता येईल? जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाला हे पटेल, असं त्यांना वाटलं. बहीण म्हणाली, “दादा, तिथे शहाणी माणसं आहेत हे तुला कोणी सांगितलं?” पण जाताना तिनेच त्यांचा कोट झटकून दिला.

चौकशीला सोबत एक माणूस नेता येत असे. मुलीने बापाला नेलं. आत लांब टेबल, पलीकडे तिघं. मध्ये अध्यक्षबाई, एका बाजूला मोठे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला सारखं घड्याळ बघणारे एक गृहस्थ. कोपऱ्यात लिहून घ्यायला हेडक्लार्क. मुलीने घडलं ते सांगितलं, चादरीपासून पडद्यापर्यंत, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, “प्रश्न चादरीचा नाही, विद्यार्थ्यांसमोरच्या वागण्याचा आहे.”

मग काका उठले.

त्यांनी कोऱ्या पानाची गोष्ट सांगितली. उघडंबोडकं दिसतं म्हणाले, म्हणून मी झाकायला नियम लिहिला, असं सांगितलं. सात सह्यांचं सांगितलं. मग म्हणाले, “बाई, डेकोरम म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगतो. एकतीस आणि अकरा वर्षं मी तो शब्द लोकांच्या अंगावर फेकलाय. त्याचा अर्थ वरच्यापुढे वाकणं असा नाही. जागेला आणि वेळेला जे साजतं ते. आजारी बाई उघडी पडली तर तिला पांघरूण घालणं, याहून साजेसं त्या खोलीत दुसरं काय होतं? तुम्ही बाईमाणूस आहात. तुम्ही सांगा.”

अध्यक्षबाईंनी नियमावली उघडली. शेवटचं पान काढलं. त्यांचं बोट साडेपाच ओळींवरून फिरलं आणि पुन्हा सुरुवातीला येऊन थांबलं. “यात लिहिलंय, ‘संस्थेच्या मते’. हे तुम्हीच लिहिलंत ना?”

“हो.”

“मग त्या शब्दांचा अर्थ तुमच्या मते काय, हा प्रश्नच येत नाही. संस्थेच्या मते काय, एवढंच येतं.”

ते दोन शब्द काकांनी का घातले होते, हे त्यांना लख्ख आठवलं. त्यांच्याशिवाय वाक्याची सुरुवात तोकडी वाटत होती. बस्स. तेवढ्यासाठी.

“अहो, मी वाक्य लांब दिसावं म्हणून घातले ते!” काका ओरडले. ते पुढे झाले होते, दोन्ही कोपरं त्या लांब टेबलावर टेकली होती, तोंडातून थुंकी उडत होती. “खोडा ते! मी लिहिलंय, मीच सांगतो, खोडा! माझी पोर आहे हो ती! तुम्हाला हवं तर मी तुमच्या पायावर—”

“काका,” कोपऱ्यातून हेडक्लार्क दबक्या आवाजात म्हणाला. “काका, डेकोरम.”

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तो खरंच त्यांना सांभाळायला बघत होता. पण काकांची कोपरं टेबलावरून उचलली गेली, चाळीस वर्षं इतरांची जायची तशी. मुलीने त्यांना दंडाला धरून खाली बसवलं. अध्यक्षबाईंनी तिला शेवटचं विचारलं, माफीनामा देणार का. कागद काकांच्या कोटाच्या आतल्या खिशात होता. त्यांनी तो आणला होता, हे मुलीला माहीत नव्हतं. काकांचा हात खिशापर्यंत गेला. नऊ सह्या आणि अंगठे त्यांच्या डोळ्यांपुढे आले आणि हात तिथेच राहिला.

“नाही,” मुलगी म्हणाली.

ऑर्डर सोमवारी दुपारी घरी आली. मुलीने सही करून पाकीट घेतलं आणि न उघडताच बापाच्या हातात दिलं. काकांनी पाकीट फोडलं, चष्मा लावला. दीड पान होतं. त्यांना माहीत होतं की कागदात एक चूक सापडली तरी तो परत पाठवता येतो. तारीख चुकलेली, हुद्दा चुकलेला, नियमाचा नंबर इकडचा तिकडे. एकतीस वर्षं त्यांनी असे कागद परत आलेले पाहिले होते. ते बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेले. दुसऱ्या परिच्छेदात त्यांचाही उल्लेख होता, सोबत आलेल्या व्यक्तीचे वर्तनही अशोभनीय होते, म्हणून. त्यावरून बोट पुढे सरकलं. त्यांनी पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. मुलगी समोर बसून त्यांच्या बोटाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर, इतके दिवस नव्हती ती, थोडीशी आशा आली होती.

“काही सापडलं?” तिने विचारलं.

एकही चूक नव्हती. समास नीट होते. वाक्यं लांब होती, आणि कुठेही श्वास अडकत नव्हता.

“अरे, मराठीत सांग ना काय म्हणतात ते,” बहीण स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. काकांनी कागद खाली ठेवला. बहीण पुढे आली, तिने तो कागद उचलला, उलटसुलट करून बघितला. तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण भाचीचा चेहरा कळत होता.

“कोणत्या मेल्याने लिहिलंय हे?” ती म्हणाली.

“मी,” डेकोरमकाका म्हणाले.